झोपलेल्या कॉम्प्युटरची राखण

जाताना नातीनं बजावून सांगितलं होतं, "आजी, ह्या वायरीला कुणाला हात लावू देऊ नको." मी हो म्हणाले आणि शेळ्यांना पाणी दाखवायला मागं गेले. परत आले तर टेबलावर वायर नव्हती आणि वायरीच्या टोकाची काळी डबीही नव्हती. कॉम्प्युटर जागेवर होता. त्याचं झाकण मिटलेलं होतं आणि कडेला एक बारीक दिवा उघडझाप करत होता.

त्या डबीला हार्डडिस्क म्हणतात. नातीची सगळी मेहनत तिच्यात होती.

ही माझ्या मुलाची मुलगी. परभणीला जनावरांचं मोठं शिक्षण घेते. तिचा अभ्यास मेंढरांच्या कोकरांवर आहे. कोणत्या मेंढीचं कोकरू कसं भरतं, कोणत्या चाऱ्यावर भरतं, कोणतं आजारी पडतं. त्यासाठी तिनं आमच्या आणि भावकीतल्या कळपांतली कोकरं वर्षभर तोलली. गोणपाटाची झोळी करायची, कोकरू तिच्यात घालायचं, झोळी काट्याला टांगायची. कोकरू धरायचं काम माझं. धोतरं-लुगडी भिजली, लाथा खाल्ल्या. ती कोकरं आता बाजारात गेली, त्यांचं मटण होऊन कधीच संपलं. ती पुन्हा काट्याला टांगता येणार नाहीत. राहिले ते आकडे आणि फोटो, आणि ते त्या डबीत. थोडं तिनं विद्यापीठातल्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं होतं, पण पावसाळ्यानंतरचं सगळं फक्त डबीत. दुसरी एक डबी घ्यायची, असं घरात नुसतं चाललेलं होतं.

तिचा कॉम्प्युटर जुना आहे. बिजागरी मोडकी, म्हणून तो कुठं नेता येत नाही. त्यात लिनक्स आहे. म्हणजे काय ते मला विचारू नका. फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावर चालतं, एवढं मला कळलं. एरवी काम झालं की ती काहीतरी टाइप करते, डिस्क सुटी करते, वायर काढते आणि मगच झाकण मिटते. झाकण मिटलं की कॉम्प्युटर झोपतो. बंद पडत नाही. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की जिथं काम सोडलं तिथून पुढं.

त्या दिवशी सकाळी मात्र कॉम्प्युटर डिस्क सोडायला तयार नव्हता. आकड्यांचा एक मोठा हिशोब त्यात बरेच दिवस चाललेला होता, तो त्या डिस्कवरच चालला होता आणि तोवर ती घरीच असल्यानं झाकण मिटायची वेळ आली नव्हती. ती सुटी कर म्हणायची, तो म्हणायचा डिस्क कामात आहे. बाहेर मानवतच्या बसचा हॉर्न वाजला. परभणीला तिचे सर वाट बघत होते. हिशोब मोडला तर पहिल्यापासून सुरू करावा लागला असता. ती म्हणाली, "राहू दे लावलेलीच," आणि डिस्क जोडलेली असतानाच झाकण मिटलं. मला वायरीचं सांगितलं आणि पळाली.

म्हणजे चूक तिथंच सुरू झाली होती. पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं.

डबी चोरायला आमच्या घरात कोण येणार? मी आधी मुलाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "तुमचा पोरगा आत्ता गाडीवर गेला की. कायतरी काळं खिशात घालीत व्हता."

मग कळलं. त्या दिवशी आमचे व्याही यायचे होते, माझ्या धाकट्या लेकीचे सासरे. महिन्यापूर्वी आमच्याकडं खंडोबाचं जागरण झालं होतं. त्यात लंगर तोडायचा मान व्याह्यांना दिला होता. लंगर म्हणजे लोखंडाची साखळी, देवाचं नाव घेऊन हिसड्यानं तोडायची. तेव्हापासून ते जाईल तिथं सांगत होते की एका हिसड्यात तोडला. त्याचा व्हिडिओ मानवतला फोटोवाल्याच्या दुकानात तयार होऊन पडला होता. तो फोनमध्ये मावत नाही, डिस्क आणा, असा फोटोवाल्याचा निरोप मुलाला आला होता. घरात डिस्क एकच.

मी नातीला फोन लावला. तो बऱ्याच वेळानं लागला, तोवर ती परभणीत उतरून रिक्षात बसली होती.

"आगं, तुह्या बापानं डबी नेली."

तिनं रिक्षा कडेला घ्यायला सांगितली.

"आजी," ती म्हणाली, "कॉम्प्युटर उघडला का कुणी?"

"न्हाई. मिटलेलाच हाय. दिवा लुकलुक करायलाय."

"उघडू नको. कुणाला उघडू देऊ नको. बाबांनी डिस्क कुठं नेली?"

"मला काय ठाव? फोटोवाल्याकडं नेली असंल. तो फोन उचलना."

मग तिनं मला समजावलं. घाईत होती, पण नीट समजावलं. झोपायच्या आधी कॉम्प्युटर हातातलं सगळं डिस्कवर उतरवून ठेवतो. म्हणजे नुसती डबी काढल्यानं फारसं बिघडत नाही. पण डिस्कमध्ये कुठं काय ठेवलंय, कुठली जागा रिकामी आहे, ह्याची आठवण तो डोक्यात धरून झोपलेला असतो. डबी खिशात फिरली आणि तशीच परत लावली तर उठल्यावर त्याला काही कळत नाही, काम पुढं चालू. हिशोबसुद्धा वाचतो. पण डबी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून तिच्यात काही भरलं, आणि मग ती ह्याला लावून ह्याला उठवलं, तर घात. हा जुन्या आठवणीनं लिहायला लागतो. जी जागा रिकामी समजून लिहितो तिथं दुसऱ्यानं काहीतरी ठेवलेलं असतं. कुठल्या पानाचं कुठं जातं ते मग कुणालाच कळत नाही.

"वजनं जातील?"

"वजनं, फोटो, सगळं एकमेकात मिसळंल. उघडणारच नाही."

मला हे लगेच कळलं. कारण मी ते बघितलेलं आहे.

आम्ही पूर्वी मेंढरं घेऊन दुधना नदीच्या काठानं फिरायचो. शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य. संध्याकाळी भोवती वाघर लावायची, म्हणजे जाळी. लहान कोकरं डालग्यांखाली, म्हणजे बांबूच्या टोपल्यांखाली झाकायची. कोणत्या डालग्याखाली कोणाचं कोकरू हे ज्यानं झाकलं त्याच्या डोक्यात. पहाटे तोच उठतो आणि अंधारात एकेक डालगं उचलून कोकरू ज्याच्या त्याच्या आईला लावतो. एकदा सासऱ्यांनी कोकरं झाकली आणि झोपले. मागून दिराला वाटलं त्या बाजूला ओल आहे, म्हणून त्यानं डालगी उचलून इकडची तिकडं केली. चांगल्या मनानंच केली, पण सांगितलं नाही. पहाटे सासरे उठले आणि आपल्या आठवणीनं कोकरं लावत सुटले. मेंढी परकं कोकरू घेत नाही, ढुशी मारते. एकीनं मारली, दुसरीनं मारली, सगळा कळप उधळला. उजाडल्यावर तीन कोकरं पायाखाली मेलेली सापडली. सासरे चुकले नव्हते. झोपताना जसं होतं तसंच त्यांनी केलं.

मी नातीला म्हणाले, "डालगी हलवली म्हन की."

"तसंच समज," ती म्हणाली. "आता ऐक. बाबा आले की एकच विचारायचं. डिस्क दुसरीकडं लावली होती का? न्हाई म्हणले तर मला फोन कर, मग लावू. लावली होती म्हणले तर वायर जवळसुद्धा येऊ देऊ नको. झाकण उघड, उजवीकडं वरच्या कोपऱ्यात गोल बटन हाय, ते दाबून धर. पडदा उजळंल, भिऊ नको, बटन सोडू नको. दिवा विझंपर्यंत धरून ठेव. मग तो मेल्यासारखा बंद होतो. त्याची सगळी आठवण जाते. मग काही धोका न्हाई."

"आन् तुहा हिशोब?"

"जाईल," ती म्हणाली. "ते बघू. डिस्क वाचली पाहिजे."

मी खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरपुढं बसले. दुसरं काय करणार? चौथी शिकलेली बाई मी, त्या यंत्राशी माझा संबंध धूळ पुसण्यापुरता. एकदा वाटलं उचलून धान्याच्या कोठीत ठेवावा. पण बिजागरी मोडकी. उचलताना झाकण उघडलं तर? दिवा उजळायचा, विझायचा, उजळायचा. माणूस झोपेत श्वास घेतो तसा. मला त्याचा राग यायला लागला.

मुलाला परत फोन लावला. उचलला नाही. सुनेला रानातून बोलवावं म्हटलं तर ती कापसाला गेलेली, तिच्याकडं फोन नाही. शेजारणीचा नातू दारात येऊन म्हणाला, "आजी, गाणं लाव ना." मी त्याला असं हाकललं की तो रडत गेला.

दुपार कलायला आली तेव्हा गाडीचा आवाज आला. मुलगा पुढं, मागं व्याही. पांढरं धोतर, फेटा, कपाळाला भंडारा. व्याह्यांच्या हातात पिशवी, आणि मुलाच्या शर्टाच्या खिशातून वायर लोंबत होती.

मी उठले नाही. व्याही दारात आणि विहीण खुर्चीत, हे आमच्यात होत नाही. पाय धुवायला पाणी द्यायचं, डोक्यावर पदर घ्यायचा, राम राम करायचा. मी पदर तेवढा घेतला.

"राम राम पाव्हणं. बसा. पाणी भरून ठेवलंय दारात."

"राम राम इहीनबाई. तब्येत ठीक न्हाई का?"

"ठीक हाय," मी म्हणाले आणि मुलाकडं वळले. "ती डबी दे इकडं."

मुलानं डबी खिशातून काढली. माझ्या तोंडाकडं बघून त्याला कळलं की काहीतरी झालंय. तो चाळिशी उलटलेला बाप्या, पण लेकीला भितो. ती बोलायला लागली की हा गोठ्यात जातो.

"माय, तिला सांगितलंस का काय?"

"सांगितलं. आता मला सांग. ही दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली व्हती का?"

तो व्याह्यांकडं बघायला लागला. व्याही बाजेवर बसून पाणी पीत होते.

"न्हाई," तो म्हणाला. "खिशातच व्हती सकाळधरनं. फोटोवाला दुकानात नव्हता."

"खरं?"

"खोटं कायला बोलू? हे बघ, हाय तशी हाय."

मी नातीला फोन लावला. रेंज एक दांडी. खरखर ऐकू येत होतं.

"तो म्हनायलाय खिशातच व्हती. कुठंच लावली न्हाई."

"नक्की?"

"नक्की म्हनतो."

मी तिचा सुटलेला श्वास ऐकला. "मग लाव. झाकण उघडायच्या आधी लाव, त्याच भोकात. डाव्या बाजूचं, पुढचं. मग झाकण उघड. हिशोब पण वाचंल आजी." तेवढ्यात फोन कटला.

मी डबी हातात घेतली. ती कोमट होती, खिशातली. वायरीचं टोक बोटात धरलं आणि डाव्या बाजूचं पुढचं भोक चाचपलं. मला बारीक दिसत नाही, टोक बसेना. मुलगा म्हणाला, "दे, मी लावतो." मी म्हणाले, "तू लांब राहा."

टोक भोकाला टेकलं होतं. तेव्हा व्याही बाजेवरून म्हणाले, "लावा इहीनबाई, लावा जल्दी. एवढ्या लांबून मी कायला आलो? लंगर तोडताना बघू द्या. एका हिसड्यात! फोटोवाल्यानं माझ्यापुढंच भरून दिलंय की त्याच्यात."

माझा हात तिथंच थांबला.

"कशात भरून दिलंय?"

"ह्याच डबीत. त्याच्या कॉम्प्युटरला लावून. लय येळ लागला, च्या दोनदा पिलो आमी."

मी वायर मागं ओढली. मुलाकडं बघितलं. त्याचं तोंड भंडाऱ्यासारखं पिवळं पडलं होतं.

"खिशात व्हती न्हाई का?"

"माय, आगं थोड्या येळच लावली. त्यानं नुसतं त्याचं भरलं. तिचं काहीच पुसलं न्हाई, मी उभा व्हतो ना तिथं. होती तशी परत लावून ठेवू, तिला कळायचंबी न्हाई."

तिला न सांगता. माझ्या दिरानं काय वेगळं केलं होतं?

"कळायचं न्हाई? तिचं सगळं वरीस जाईल आन् तिला कळायचं न्हाई?"

"कायला जाईल? खामखा भिती घालायलीस. सगळेच लावतात, काढतात. दे इकडं."

त्यानं हात पुढं केला. मी डबी कमरेला खोचली, वायरीसकट. आता म्हातारीच्या कमरेला कोण हात घालणार? व्याही उठून उभे राहिले.

"काय झालं इहीनबाई? आमी काय चोरी केली का? तुमच्याच पोरानं नेली डबी. आन् जागरण काय आमच्या घरचं व्हतं? देव तुमचा, घर तुमचं, मान तुमी दिलात. आता बघायला आलो तर अशी गत?"

माझी लेक त्यांच्या घरात नांदते. त्यांना राग आला तर तो इथं राहत नाही, त्यांच्याबरोबर तिकडं जातो. हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलंच कळत होतं.

"पाव्हणं, तुमाला काय म्हनायचं ते मागून म्हना. आत्ता बसा."

"बसा? मी जातोच कसा."

"जा न्हाई तर बसा. पर ह्या टेबलाजवळ येऊ नका."

मुलगा म्हणाला, "माय, तोंड सांभाळ." असं तो मला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला. मी ऐकून घेतलं. हातात काम होतं.

मी झाकण उघडलं. बिजागरी करकरली. यंत्रातला पंखा फिरायला लागला आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर जाऊ लागली. मला वाटलं उशीर झाला, हा जागा झाला. डबी कमरेला होती, तरी वाटलं. उजवीकडं वरचा कोपरा. तिथं एक गोल बटन होतं, पण त्याच्या शेजारी तसंच आणखी एक होतं. कुठलं? नातीनं एकच सांगितलं होतं. एकावर काडी आणि गोल अशी खूण होती, पंप सुरू करायच्या डब्यावर असते तशी. मी ते दाबलं आणि धरून ठेवलं.

पडदा उजळला. तिच्या मेंढीचा फोटो आला, पांढऱ्या कपाळाची ती, तीपण विकली गेली आहे. पंखा जोरात फिरला. मुलगा ओरडला, "सोड माय, चालू झालंय, सोड!" मी सोडलं नाही. बोट दुखायला लागलं. संधिवाताचं बोट ते, सकाळी वाकतसुद्धा नाही. दुसऱ्या हाताचा अंगठा वर ठेवून दाबलं. पडद्यावरची मेंढी तशीच बघत होती.

मग एकदम सगळं काळं झालं. पंखा थांबला. कडेचा दिवा विझला.

तरी मी बटन सोडलं नाही. शेवटी व्याहीच म्हणाले, "इहीनबाई, गेली लाईट त्याची. किती दाबताल?"

मी हात काढला. बोटावर बटनाची गोल खूण उठली होती.

चहा केला, पण व्याह्यांनी घेतला नाही. मुलगा त्यांना मानवतच्या बसवर सोडून आला. येताना गाडी फाटकात लावली आणि घरात न येता मेंढरांकडं गेला. नातीला फोन लागत नव्हता. तिला वाटत असेल मी डबी लावली, सगळं नीट चाललंय, हिशोब पुढं सरकतोय. ते मला जास्त खुपत होतं. बटन मी बरोबर दाबलं की चुकीचं, हेही माहीत नव्हतं. डबी कमरेलाच होती. ती टेबलावर ठेवायचा धीर झाला नाही.

ऊन उतरल्यावर नात आली. दारात चपला काढताना हसत होती. माझं तोंड बघून हसू गेलं.

मी सगळं सांगितलं. बापाचं खोटंही सांगितलं, झाकलं नाही. ती पाणीसुद्धा न पिता कॉम्प्युटरपुढं बसली. तो चालू केला. पहिल्यापासून चालू झाला, रिकाम्या डोक्याचा. मग म्हणाली, "दे." मी डबी कमरेतून काढून दिली. तिनं लावली, पण लगेच उघडली नाही. काहीतरी टाइप केलं. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. ती तपासणी आहे म्हणाली, आतलं कुठं तुटलंय का ते यंत्र बघतं. मुलगा उंबऱ्याबाहेर येऊन उभा होता. आत येत नव्हता.

ओळी थांबायच्या. ती पुढं वाकायची. ओळी परत पळायच्या.

"काय म्हनतंय?"

"थांब आजी."

सूनही रानातून आली. कापसाचं गाठोडं तिनं अंगणातच टाकलं आणि काय झालं म्हणून मला खुणेनं विचारलं. मी खुणेनंच गप्प बस म्हणाले.

शेवटी नात मागं टेकली. "एका ठिकाणी थोडं अर्धवट व्हतं, हिशोबाचं. ते काढून टाकलं त्यानं. बाकी हाय."

"हाय म्हनजे काय? काढून दाखव."

"आगं हाय म्हणलं ना."

"तुह्या बापानंबी हाय तशी हाय म्हनलं व्हतं. काढून दाखव. फाटक्या कानाच्या मेंढीचं कोकरू दाखव. दिवाळीनंतरचं."

ती शोधायला लागली. त्या दिवशी ते कोकरू झोळीतून निसटलं होतं, अर्ध्या वजनातच. आम्ही ते चाऱ्याच्या गंजीमागून धरून आणलं आणि परत तोललं. पहिला आकडा खोडू नको, दोन्ही ठेव, असा तिचा नियम. मला आकडे आठवत नव्हते, पण ते दोन आहेत हे आठवत होतं. तिनं पडदा माझ्याकडं फिरवला आणि बोट ठेवलं. दोन आकडे होते. पुढं लिहिलं होतं, निसटलं.

तेव्हा मी पाणी प्यायले.

"आन् तुहा हिशोब?"

"गेला."

"मी बटन दाबलं म्हनून?"

"न्हाई. दुकानात लावली तवाच गेला. तू फक्त बाकीचं जाऊ दिलं न्हाईस." मग थोडं थांबून म्हणाली, "आन् मीच डिस्क लावून झाकण मिटायला नको व्हतं."

बाहेर मुलानं घसा खाकरला. तिनं तिकडं बघितलं नाही. बरेच दिवस बघितलं नाही. तो व्हिडिओ तिनं त्याच संध्याकाळी डिस्कमधून काढला, लहान करून बापाच्या फोनमध्ये टाकला आणि फोन त्याच्या ताटाजवळ ठेवला. त्यानं तो व्याह्यांना पाठवला. लंगर एका हिसड्यात तुटलेला नाही. तीन हिसडे बसले, आणि तिसऱ्याला जागरणातल्या वाघ्यानं मागून साखळी धरली होती. व्याह्यांचा त्यावर काही निरोप आला नाही. लेकीचा आला. मामंजी कुणाशी बोलत नाहीत, पण जेवतात, असं म्हणाली. मी म्हटलं, जेवतात ना, मग बास.

हिशोब पहिल्यापासून सुरू झाला. सरांकडून मुदत वाढवून घ्यावी लागली, त्यासाठी ती कुणाकुणाच्या दारात उभी राहिली ते तिनं मला सांगितलं नाही. दुसरी डबी आली. नात पहिलीचं सगळं दर रविवारी दुसरीत उतरवते आणि ती दुसरी मी माझ्या पेटीत ठेवते. चावी माझ्याकडं.

परवा सकाळी परत तसंच झालं. हिशोब चालूच होता, डिस्क सुटायला तयार नव्हती आणि बसचा हॉर्न वाजला. सून म्हणाली, "मीट की झाकण, बस जाईल." नात बसूनच राहिली. तिनं आधी हिशोब थांबवला, कुठवर आला ते त्यालाच लिहून ठेवायला लावलं. ही सोय तिनं आता त्यात नवीन केली आहे, पण तिला वेळ लागतो. हॉर्न परत वाजला. मग बस गेली, आम्हाला आवाज लांब जाताना ऐकू आला. डिस्क सुटली. तिनं वायर काढली, डबी माझ्या हातात दिली, झाकण मिटलं.

मुलगा अंगणात गाडीजवळ उभा होता. सगळं ऐकत होता. त्यानं गाडी चालू केली आणि म्हणाला, "चल, मानवतपातूर सोडतो. तिथून दुसरी मिळंल."

ती गेली आणि मागं बसली. मी तीही डबी पेटीत टाकली, कुलूप लावलं आणि शेळ्यांना पाणी दाखवायला गेले.